खुनाच्या गोष्टी आणि आपली झोप

मागच्या पावसाळ्यात, वर्षावास सुरू होऊन आठवडाभर झाला असेल, वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे झोपेची गोळी मागायला आली. मी नर्सची नोकरी सोडून आता बरीच वर्षे झाली, पण वस्तीला अजून वाटते की मावशीच्या पेटीत सगळ्या गोळ्या असतात. मुलगी चोविसेक वर्षांची. आसनगावच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते. दुसरी पाळी असली की रात्रीच्या कसारा लोकलने आटगावला उतरते आणि अंधारातून चालत घरी येते. तिने सांगितले की महिनाभर झोप नाही. कडी दोनदा तपासते, खिडकीला पाट लावते, तरी पत्र्यावर काही पडले की दचकून उठते.

मी गोळी दिली नाही. विचारले, "झोपण्याआधी काय करतेस?"

"काही नाही मावशी, कानात लावून पडते."

"गाणी?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "खऱ्या खुनाच्या गोष्टी. यूट्यूबवर असतात. रोज दोन तरी ऐकते."

तिला वाटले मी रागावणार. मी रागावले नाही, कारण तिच्या वयाची असताना नर्सिंगच्या वसतिगृहात मी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उशीखाली लपवून वाचल्या आहेत. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली. झुंजार आणि काळा पहाड ही नावे आमच्या पिढीला पाठ होती. त्यानंतर नारायण धारप आले, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आल्या. 'तुंबाड' सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल, त्यातला आजीचा धागा धारपांच्याच एका कथेतून घेतलेला आहे. आज हृषीकेश गुप्ते यांच्यासारखे लेखक भीतीच्या आणि मनातल्या काळोखाच्या कथा-कादंबऱ्या लिहितात आणि तरुण मुले त्या आवडीने वाचतात. टीव्हीवर 'क्राइम पेट्रोल' २००३ पासून आहे. आपल्या वस्तीत भाकरी थापता थापता ते पाहिलेले नाही असे घर मला तरी माहीत नाही. तेव्हा हा छंद नवा नाही, आणि तो असणारा माणूस विकृत असतो असेही नाही.

मी तिला एवढेच विचारले, का ऐकतेस? तिने दिलेले उत्तर मला अजून आठवते. "कळायला नको का मावशी, असं होतं कसं ते? आपल्यावर आलं तर?"

या उत्तरात पुष्कळ काही आहे. अमेरिकेत व्हिकरी आणि फ्रेली या दोन संशोधकांनी २०१० साली नेमके हेच तपासले. खऱ्या गुन्ह्यांची पुस्तके पुरुषांपेक्षा बायका जास्त का निवडतात? त्यांना दिसले की ज्या पुस्तकात बाई मारेकऱ्याच्या तावडीतून कशी सुटली हे सांगितलेले असते, त्याकडे बायकांचा ओढा जास्त असतो. म्हणजे आपली मुलगी करमणूक करत नव्हती, ती अभ्यास करत होती. रात्री एकटीने चालणाऱ्या मुलीने असा अभ्यास करावा यात मूर्खपणा काही नाही. प्रश्न इतकाच की हा अभ्यास तिच्या अंगाला लागतो आहे की अंग खातो आहे.

शरीराचे आधी पाहू. भीतीची गोष्ट ऐकताना कानाला माहीत असते की ही दुसऱ्याची गोष्ट आहे, पण छातीला ते लगेच कळत नाही. मेंदूतला धोका ओळखणारा भाग घंटा वाजवतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते, श्वास वरवर होतो, हातपाय ताठ होतात. हे पळण्यासाठी किंवा लढण्यासाठीचे सामान आहे. खरा साप दिसला तर ते उपयोगी पडते, आणि साप गेला की थोड्या वेळात सगळे खाली बसते. गोष्टीतला मारेकरी मात्र जात नाही. एक गोष्ट संपली की फोन आपोआप दुसरी लावतो. अंग अंथरुणावर, छाती पळते आहे, अशा स्थितीत झोप यायची कशी? त्यात दुसऱ्या पाळीची माणसे घरी येतात रात्री अकरा-बाराला, जेवतात, तासभर फोन, मग पहाटे पाण्यासाठी उठणे. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते, वयात येणाऱ्या मुलांना आठ ते दहा. आपल्या वस्तीत पाच तास झोपणारी माणसे मी मोजली तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. कमी झोपेने साखर आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात, आणि चिडचिड घरच्यांवर निघते हे वेगळे सांगायला नको.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. जिने स्वतः मार खाल्लेला आहे, जिच्या घरात दारू पिऊन आरडाओरडा होतो, जिच्या लहानपणी कुणी तिच्या अंगाशी खेळले आहे, तिच्यासाठी या गोष्टी इतरांसारख्या नसतात. तिच्या आत जुनी जखम उघडी होते आणि ती का रडते हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. काही बायका अशा वेळी उलट जास्तच ऐकत जातात, जणू दुखणारा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपावा तसे. अशी कुणी तुमच्या घरात असेल तर "कशाला ऐकतेस ते घाणेरडं" असे म्हणू नका. शेजारी बसा. लहान मुलांचा प्रश्न मात्र सोपा आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलासमोर असले काही लावूच नये. आई पाहते म्हणून मूल पाहते, आणि मग अंथरूण ओले करते, आणि आपण त्यालाच मारतो.

आता मनाचे. जॉर्ज गर्बनर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने टीव्ही पाहणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. जे लोक तासन् तास हिंसा पाहतात त्यांना जग आहे त्याहून क्रूर वाटू लागते, असे त्याचे म्हणणे. माणूस शेजाऱ्यावर विश्वास ठेवीनासा होतो, घराबाहेर पडायला घाबरतो, आणि कडक शिक्षा देणारा कुणी बलदंड हवा असे त्याला वाटू लागते. त्याच्या मोजणीबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले. पण वस्तीत बसून पाहिले तर मला ते पटते.

थोडे आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी आत्महत्या झाल्या १,७०,९२४. रस्त्यावरच्या अपघातात मेले १,६८,४९१. आपल्या वस्त्यांजवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, तेव्हा या शेवटच्या आकड्यात आपलीही माणसे असतात. आणि साप? एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, त्यातली बहुतेक खेड्यातली. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पावसाळ्यात रात्री घरात शिरून झोपलेल्या माणसाला मारणारा जर कुणी असेल तर तो मण्यार आहे. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे म्हणतात काही बाधा झाली.

म्हणून त्या मुलीला मी विचारले, "खिडकीला पाट लावतेस ते ठीक, पण निजतेस कुठे?" खाली, जमिनीवर, मच्छरदाणी नाही. मारेकऱ्यासाठी दोन कड्या आणि मण्यारीसाठी काहीच नाही! मच्छरदाणी घ्या, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा, शक्य असेल तर खाटेवर निजा, रात्री बाहेर जाताना बॅटरी न्या. दंश झाला तर भगताकडे नाही, चिरा मारणे नाही, आवळून बांधणे नाही. हातपाय न हलवता, माणसाला चालायला न लावता थेट शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात. विषय खुनाचा आणि मी सापावर आले याचे हसू येईल, पण भीती चुकीच्या दाराशी पहारा देते ती अशी.

आता ज्या गोष्टी आपण ऐकतो त्या कशा सांगितलेल्या असतात ते पाहू. रामन राघवचे नाव आजही सगळ्यांना माहीत आहे. १९६८ साली मुंबईच्या उत्तरेकडच्या उपनगरांत त्याने रात्री झोपलेल्या माणसांना डोक्यात प्रहार करून मारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रमाकांत कुलकर्णी यांच्या हाताखालच्या पोलिसांनी त्याला पकडले. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. त्याच्यावर सिनेमे निघाले, १९९१ ला एक, २०१६ ला त्याच्या नावाचा दुसरा. तो कोंबडी मागून खायचा आणि मगच बोलायचा, हेही लोक चवीने सांगतात. पण मेले कोण? फुटपाथवर आणि झोपड्यांत उघड्यावर निजणारी माणसे. दार नसलेली माणसे. गावाकडून पोटासाठी मुंबईत आलेली. त्यांतल्या एकाचे तरी नाव तुम्हाला माहीत आहे का? मलाही नाही. त्या काळात मुंबईच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या आपल्या आजोबा-आजींच्या पिढीने रात्रीचे पहारे दिले, काठ्या घेऊन जागे राहिले. त्या गोष्टीतले आपले नाते मारेकऱ्याशी नाही, निजलेल्या माणसाशी आहे. गोष्ट सांगणारा मात्र आपल्याला मारेकऱ्याच्या खांद्यावर बसवून फिरवतो.

रामन राघवबद्दल आणखी एक. डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असल्याचे सांगितले, आणि पुढे १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. यावरून कुणी असे समजू नये की मनाचा आजार म्हणजे खुनी माणूस. हा आजार असलेली बहुतेक माणसे कुणाला हात लावत नाहीत, उलट लोकच त्यांना दगड मारतात. आपल्या वस्तीत असा कुणी असेल तर त्याला ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवता येते. औषधाने पुष्कळ फरक पडतो. त्याला कोंडून ठेवणे हा उपचार नाही.

दुसरे उदाहरण जवळचे. २०२२ च्या नोव्हेंबरात वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या खुनाची बातमी उघडकीला आली. त्यातला फ्रिज सगळ्या देशाला पाठ झाला. मी वस्तीत दहा-बारा जणींना विचारले, प्रत्येकीने फ्रिज सांगितला. पण त्या मुलीने दोन वर्षे आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, नालासोपाऱ्याकडच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. तो मला मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो, असे तिने लिहिले होते. पुढे तिने ती तक्रार मागे घेतली. हे आमच्यातल्या एकीलाच माहीत होते. आता सांगा, आपल्या मुलींच्या उपयोगाचे काय, फ्रिज की ते पत्र? जो हात उचलतो, गळा दाबतो, माहेरी-मैत्रिणींकडे जाऊ देत नाही, मारून झाल्यावर रडून माफी मागतो, तो अंधारातला अनोळखी नसतो. २०२२ साली देशात बायकांवरच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा होता. बाहेरच्या दाराला दोन कड्या लावून आपण ज्याच्याबरोबर आत राहतो त्याच्याबद्दल या गोष्टी फारसे शिकवत नाहीत. शिकवल्या तरी आपले लक्ष तिथे थांबत नाही.

आणि काही खून आपल्यासाठी गोष्टी नाहीतच. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत आपल्याच समाजातल्या एका घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. त्याबद्दल वाचताना माझी छाती धडधडली नव्हती, ती बसली होती. हा फरक ओळखायला शिका. वाचून झाल्यावर कुणाला तरी भेटावेसे, बोलावेसे, मोर्चाला जावेसे वाटते की आणखी एक गोष्ट लावावीशी वाटते?

काळोखाचे वाचूच नये असे मी म्हणत नाही. बाबुराव बागूल यांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आले आणि 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ साली. मुंबईच्या झोपड्या, भूक, मारामाऱ्या, देह विकणाऱ्या बाया, सगळे त्यात आहे. त्याहून काळे वाचायला मिळणे कठीण. जयंत पवार यांच्या कथा आहेत. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या घरांचे काय झाले, कामगारांची मुले गुन्ह्याकडे कशी वळली, हे त्यांच्यासारखे कुणी सांगितलेले नाही. त्या कथा वाचल्यावरही झोप उडते. पण ती भीतीने नाही, विचाराने उडते, आणि कडी तपासावीशी वाटत नाही. चांगला लेखक मेलेल्याला माणूस ठेवतो आणि मारणाऱ्यालाही राक्षस करून मोकळा होत नाही. तो कुठून आला, कुणी त्याला तिथवर ढकलले, हे विचारतो. मनोरंजनाचा धंदा करणाऱ्याला ते परवडत नाही, कारण राक्षस जास्त खपतो.

राक्षस खपतो म्हणून तो शोधलाही जातो, आणि इथे मला एक प्रसंग लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी फोनवर मुले पळवणाऱ्या टोळीचा निरोप फिरत होता. कुणाचे तरी कापलेले अंग दाखवणारा एक व्हिडिओही त्याबरोबर होता. तेव्हाच बिबे-सुया विकणारी एक भटकी बाई वस्तीत आली. पाठीवर बोचके. पाच-सहा पोरांनी तिला घेरले, बोचके उघड म्हणाले. खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मीही दारातून बोचक्याकडेच पाहिले. मग विहाराशेजारचे एक आजोबा उठले, कुणाला काही न बोलता तिला विहाराच्या ओट्यावर बसवले, तांब्याभर पाणी दिले आणि स्वतः तिच्याजवळ बसून राहिले. पोरे पांगली. बोचक्यात सुया, दाभण, मणी आणि तिच्या नातवाचा सदरा होता.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असा ओटा आणि असे आजोबा मिळाले नाहीत. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मेले. मार्च २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात, केरवेळे गावात, जादूटोण्याच्या संशयावरून एका पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला निखाऱ्यांवर नाचवले आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आपल्यापैकी किती जणांनी तो पुढे पाठवला? ज्यांनी पाठवला त्यांना मी वाईट म्हणत नाही. पण ते पाहणे हा त्या म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा निखाऱ्यावर उभे करण्याचाच प्रकार झाला.

भटक्यांवर बोट का जाते याला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. हा डाग १९५२ साली कायद्याने पुसला, डोक्यातून पुसलेला नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एका ओळीत घेऊन ही संस्कृती कसली, असा जाब विचारला आहे. ज्यांना त्या ओळीत आपल्याबरोबर उभे केले होते, त्यांच्याच बोचक्यात आपण कापलेले अंग शोधावे?

वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. त्यातली अंगुलिमालाची कथा सर्वांना माहीत आहे. या लेखासाठी मी ती पुन्हा वाचली, आणि पाली मज्झिम निकायातले अंगुलिमाल सुत्तही मराठीत वाचले. एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. आजच्या हिशोबाने ही खुनाची केवढी मोठी मालिका! बोटांची माळ घालणारा दरोडेखोर, ओस पडलेली गावे. आजच्या यूट्यूबवाल्याने दहा भाग केले असते. पण सुत्तात त्या खुनांना दोन-चार ओळीच आहेत. बोट कसे कापले, रक्त कसे उडाले, यातले काही नाही. तथागत त्याच्याकडे चालत जातात, तो धावूनही त्यांना गाठू शकत नाही, तिथे त्याचे वळण येते, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पसेनदी राजा पाचशे स्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो, आणि तोच शेजारी भिक्खू होऊन बसला आहे हे कळल्यावर राजाच्याही अंगावर काटा येतो. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला एक बाळंतीण अडलेली दिसते. ज्याने माणसे मारली तो एका बाईच्या वेणांनी कळवळतो आणि तथागतांना येऊन सांगतो. मी स्वतः बाळंतपणे केली आहेत, म्हणून इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. मग लोक त्याला ढेकळे, काठ्या, खडे मारतात. तो फुटक्या डोक्याने, फुटके पात्र आणि फाटके चीवर घेऊन परततो, आणि तथागत त्याला सांगतात की हे सोस, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. त्याला माफ करून विषय संपवत नाहीत, आणि त्याला राक्षसही ठरवत नाहीत. ढेकळे मारणाऱ्यांच्या घरचे कुणी मेले असेल, त्यांनाही कथा विसरत नाही.

दुसरे एक सुत्त आरोग्याच्या पानावर घेण्यासारखे आहे. संयुत्त निकायातल्या पुत्तमंस सुत्तात तथागतांनी चार आहार सांगितले आहेत. एक तोंडाने खाण्याचा. दुसरा स्पर्शाचा, म्हणजे डोळे, कान, मन यांना जे जे येऊन लागते त्याचा. त्याला उपमा दिली आहे कातडे सोललेल्या गाईची. ती भिंतीला टेकली तर भिंतीतले किडे चावतात, झाडाला टेकली तर झाडावरचे, पाण्यात उतरली तर पाण्यातले. पाच तास झोपलेली, दिवसभर उभी राहून काम केलेली, अंधारातून घरी आलेली मुलगी म्हणजे त्या वेळी कातडे नसलेली गाय असते. तेव्हा तिने काय कानात घालावे, हा आहाराचा प्रश्न आहे. तिखट खाऊ नका असे मी कुणाला सांगत नाही, पण तापात तिखट खाऊ नका हे सांगते.

मी तिला काय सांगितले ते इथे लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. ऐकायचे तर दिवसा ऐक, लोकलमध्ये जाताना ऐक, अंथरुणावर नको. एक गोष्ट संपली की थांब, आणि ती कुणाला तरी सांग. सांगताना मेलेल्या माणसापासून सुरुवात कर, तो कोण होता, काय काम करायचा. माहीत नसेल तर गोष्ट अर्धवट आहे हे लक्षात येईल. रात्री फोन आईच्या उशाशी ठेव. निजण्याआधी दहा मिनिटे आनापान. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच पाहायचे. बाहेर जाणारा श्वास लांब झाला की धडधड उतरते, हे मी रुग्णांत पाहिलेले आहे. दोन आठवड्यांनी फरक पडला नाही, दिवसाही भीती वाटू लागली, किंवा जगणे नको असे वाटले, तर डॉक्टरकडे जायचे. त्याआधी बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. घरात मारहाण असेल तर १८१, तातडीला ११२, लहान मुलासाठी १०९८. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात घरातून न निघताही संरक्षण मागता येते. विहारात दर रविवारी कुणीतरी शिकलेले असते, अर्ज लिहून देते.

तिची झोप महिन्याभरात बरीच सुधारली. गोष्टी ऐकणे तिने सोडलेले नाही, आणि मी सोड म्हणालेही नाही. विहाराच्या कपाटातून तिने बागुलांचे पुस्तक नेले. परत करताना म्हणाली, "मावशी, हे त्याच्यापेक्षा भयंकर आहे." पण पुढचे पुस्तकही मागितले.

राहिली ती स्टेशनपासूनची वाट. ती भीती गोष्टींनी तयार केलेली नव्हती, खरी होती, आणि श्वास मोजून जाणारी नव्हती. दुसऱ्या पाळीच्या सात मुली आता फलाटावर एकमेकींसाठी थांबतात आणि एकत्र चालतात. दोघींकडे बॅटरी असते. वाटेवर दिवे लावावेत म्हणून अर्ज तिनेच लिहिला आहे. अकरा सह्या झाल्या आहेत, उरलेल्या येत्या रविवारी वंदनेनंतर घ्यायच्या आहेत.